रुग्णालय बांधायला निघालेल्या मंडळींना: आधी विहीर मोजा

प्रति,
कोकणातली ग्रामविकास मंडळं, त्यांच्या मुंबई-ठाण्यातल्या शाखा आणि रुग्णालयासाठी ट्रस्ट नोंदवलेले विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

गणपतीत नाहीतर शिमग्यात चाकरमानी गावी आले की देवळात बैठक बसते आणि 'आपल्याकडे हॉस्पिटल हवं' असा ठराव होतो. ठराव योग्यच असतो. पुढचा क्रम मात्र ठरल्यासारखा: जागा, नकाशा, भूमिपूजन, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, उद्घाटन. दोन-तीन पावसाळे गेले की वरच्या मजल्याला कुलूप लागतं, खाली सकाळी दहा ते एक ओपीडी चालते, आणि रात्री अडलेल्या बाईला गाडीत घालून तालुक्याला न्यावं लागतं. म्हणजे परिस्थिती रुग्णालय नव्हतं तेव्हासारखीच. असं का होतं, हे कोकणातल्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: रुग्णालय खाटांपासून वाढवू नका, रात्रीपासून वाढवा. रात्री दोन वाजता काय करता येतं, ते आधी ठरवा. त्याला माणसं, पाणी, वीज आणि रक्त लागतं. खोल्या नंतर.

इतिहासही हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरीत मनोरुग्णालय उभं राहिलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक रुग्णालय चालू झालं. त्याच मिशनच्या विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय काढलं होतं, आणि शस्त्रक्रियेसाठी कोकणातली माणसं घाट चढून तिकडे जात. बाकी कोकणाला मुंबईचाच आधार, तोही बोटीनं. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला, १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली, मग उपकेंद्रं, तीस खाटांची ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं. डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक आरोग्य केंद्र असा निकष आहे. विखुरलेल्या वाड्या पाहता तो आपल्याकडे निम्मा करायला हवा, पण ते असो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, १०८ ची गाडी २०१४ मध्ये आली, २०२१ नंतर अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली. ट्रस्टच्या रुग्णालयांपैकी चिपळूण तालुक्यातल्या डेरवणचं रुग्णालय १९९० च्या दशकात सुरू होऊन २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलं. ही मजल इमारतीनं मारलेली नाही. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ तिथेच राहिले, म्हणून ती मारता आली.

इमारतीशिवाय काय होऊ शकतं याचं कोकणातलं सगळ्यात मोठं उदाहरण महाड तालुक्यातलं आहे. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण बारकाईनं पाहिले आणि टिपणं ठेवली. गंभीर रुग्णांतले सुमारे चाळीस टक्के तेव्हा दगावत. विषानं शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी चालते हे त्यांनी दाखवलं, आणि मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यापर्यंत उतरलं. मात्रा वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. आता यात बिघडतं काय? औषधाच्या दुकानात ही गोळी बहुधा दीर्घ परिणामाची, हळूहळू विरघळणारी मिळते. ती इथे चालत नाही. साधी एक मिलिग्रॅमची गोळी मागवून ठेवावी लागते, तिची मुदत पाहावी लागते, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ती कुठल्या खणात आहे हे ठाऊक असावं लागतं. देणगीदाराची पाटी या खणावर लागत नाही, एवढीच अडचण.

सर्पदंशाचं कपाटही असंच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं एकच बहुगुणी प्रतिविष मिळतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरशाचा सुळसुळाट, आणि फुरसं-घोणस चावलं की रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची चाचणी बिनखर्चाची आहे. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, वीस मिनिटं जराही हलवायचं नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. ही चाचणी चुकते ती नळीमुळे. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही. काचेची नळी साबणानं धुतलेली असली तरी तोच घोळ. म्हणून कोऱ्या काचेच्या नळ्यांची पेटी सर्पदंशाच्या कपाटातच ठेवायची, प्रयोगशाळेत नाही.

प्रतिविषाची सुरुवात दहा कुप्यांनी होते, सलाईनमधून तासाभरात. मुलांनाही तेवढ्याच, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. सहा तासांनी पुन्हा चाचणी, रक्त गोठत नसेल तर पुन्हा कुप्या. बहुतेक उत्पादकांना लागणारं विष तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून येतं आणि सापाचं विष प्रदेशागणिक थोडं बदलतं, त्यामुळे पहिल्या दहात भागेलच असं नाही. दोन रुग्ण एका रात्री येतात, भातलावणीच्या दिवसांत तर नक्कीच. तीस कुप्यांच्या खाली साठा गेला की मागणी गेलीच पाहिजे. शेजारी अ‍ॅड्रिनलिनच्या इंजेक्शनची भरलेली सिरिंज हवी, कारण प्रतिविषाचीच जोरदार अ‍ॅलर्जी येऊ शकते. मण्यार-नागासाठी निओस्टिग्मिन, अ‍ॅट्रोपिन आणि श्वासनलिकेत नळी घालायचं सामान. सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात चापडा हा विषारी सापही चावतो आणि त्याच्यावर हे प्रतिविष चालत नाही. तेव्हा सापाचा मोबाइलवर लांबून काढलेला फोटो उपयोगी पडतो. साप मारून पिशवीत घालून आणू नये, हे तुमच्या गावच्या फलकावर लिहायला हरकत नाही.

आता बाळंतपण. ज्या रुग्णालयाला रात्रीचं सिझेरियन जमत नाही, त्यानं लेबर रूमवर खर्च करण्याआधी दहादा विचार करावा. चोवीस तास सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्ताची सोय, या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच अडलेली बाई वाचते. अडतं बहुतेक वेळा भूलतज्ज्ञापाशी. तालुक्याच्या गावातून बोलावू म्हणून चालत नाही. तो दुसरीकडे केसवर असतो, फोन लागत नाही, पुलावर पाणी असतं. महिन्याचं ठरावीक मानधन अधिक केसमागे रक्कम असा करार करा, आणि तो एकाशी नको, दोघांशी करा.

परिचारिकांचा हिशेब तर कुठल्याच नकाशावर नसतो. एका वॉर्डात कायम एक सिस्टर हवी तर वर्षाला १,०९५ पाळ्या भरतात. बावन्न साप्ताहिक सुट्ट्या, सण आणि रजा वजा जाता एक सिस्टर वर्षात साधारण २८० पाळ्या करते. म्हणजे एका जागेला चार जणी, बाळंतपणाच्या आणि आजारपणाच्या रजा धरल्या तर पाच. वॉर्ड, लेबर रूम आणि शस्त्रक्रियागृह अशा तीन जागा भरायच्या म्हणजे पंधरा. या पंधरा मुली राहणार कुठे? शेवटची एसटी साडेसातला जाते, गावात भाड्यानं खोली मिळत नाही, मिळाली तर संडास बाहेर. सहा महिन्यांत त्या नर्सिंगचा दाखला घेऊन पुण्याला किंवा आखाती देशात जातात, आणि त्यांचं काहीही चुकत नाही. म्हणून पहिलं बांधकाम क्वार्टर्सचं करा. दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर, पंखा, चालू राहणारं पाणी आणि रुग्णालयापर्यंत दिव्याची वाट.

बाळंतपणातला रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, तेही वळणांचे. गाडी बोलवा, ती येऊ द्या, रुग्ण चढवा, घाट उतरा, तिथे रक्तगट तपासा, एवढ्यात दोन तास गेले. यावरचा उपाय रक्तपेढी काढणं हा नाही. ते मोठं काम आहे आणि लहान गावाला पेलत नाही. रक्तसाठवण केंद्र काढा. मूळ रक्तपेढीशी करार करायचा, अन्न व औषध प्रशासनाची मान्यता घ्यायची, एक खोली, एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि रक्तासाठीचाच शीतकपाट. घरगुती फ्रीज मुळीच चालत नाही. दार दहा वेळा उघडलं की आतलं तापमान कुठल्या कुठे जातं आणि मागच्या भिंतीला टेकलेली पिशवी गोठून तांबड्या पेशी फुटतात. तापमान २ ते ६ अंश, आलेख काढणारी नोंद, धोक्याची घंटा, आणि यंत्रावर विश्वास न ठेवता दर चार तासांनी वेगळ्या थर्मामीटरनं हातानं लिहिलेली नोंद. घंटा रात्रपाळीच्या टेबलाजवळ वाजली पाहिजे. कुलूपबंद खोलीत वाजणारी घंटा ऐकायला कोण असतं?

तांबड्या पेशींची पिशवी मिश्रणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकते. मुदत संपायच्या दहा-बारा दिवस आधी ती मूळ पेढीला परत जाऊन मोठ्या रुग्णालयात वापरली जावी, हे करारात लिहून घ्या. नाहीतर पिशव्या वाया जातात, मग 'खप नाही' म्हणून केंद्रच बंद होतं. पिशवी बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात लावायची, चार तासांत संपवायची. आणि रक्ताच्या आधी ऑक्सिटोसिन! ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. लेबर रूमच्या खिडकीतल्या ट्रेमध्ये मे महिनाभर पडून राहिलेलं इंजेक्शन दिलं तर गर्भाशय आकसत नाही आणि दोष मात्र बाळंतिणीच्या अशक्तपणाला जातो.

पाण्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण डायलिसिस यंत्र देणगीत देण्याची सध्या लाट आहे. यंत्र देणं सोपं. चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला ५०० मिलिलिटर धरून १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. आरओ यंत्रणा आत घेतलेल्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास फेकून देते. चार यंत्रं, दिवसाला दोन पाळ्या म्हणजे आठ डायलिसिस. धुणं आणि निर्जंतुक करणं धरून रोज बाराशे लिटर शुद्ध पाणी, म्हणजे चोवीसशे लिटर कच्चं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साडेचौदा हजार लिटर, फक्त या एका खोलीला. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. जांभा पाणी धरत नाही.

मग टँकर येतो. टँकरवाला चांगल्या हेतूनं पाण्यात भरपूर क्लोरीन टाकतो, आणि इथेच खरा घात आहे. पिताना निरुपद्रवी असलेलं क्लोरीन आणि क्लोरामिन डायलिसिसच्या पाण्यात राहिलं तर रुग्णाच्या तांबड्या पेशी यंत्रातच फुटतात. आरओचा पडदा ते अडवत नाही, ते काम कार्बनच्या टाक्यांचं. म्हणून कार्बनच्या टाक्या दोन, एकामागे एक, आणि दोन्हींच्या मध्ये नमुना घ्यायची तोटी. प्रत्येक पाळीच्या आधी त्या तोटीवर क्लोरीन तपासायचं. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर दिसलं की पहिली टाकी संपली, पाळी थांबवायची. चाचणीच्या पट्ट्या महिन्याला काही शे रुपयांच्या असतात आणि त्याच पहिल्यांदा संपतात.

किनाऱ्याजवळच्या विहिरीत उन्हाळ्यात उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं, पडद्यावर ताण येतो आणि शुद्ध पाणी निम्म्यावर येतं. उलट पहिल्या पावसानंतर आठ दिवस पाणी गढूळ येतं, तेव्हा वाळूची गाळणी रोज उलट धुवावी लागते. जांभ्यातलं पाणी मृदू आणि थोडं आम्लधर्मी असतं, लोखंडी नळ खातं आणि गंज थेट गाळणीत आणून सोडतं. शुद्ध पाण्याचा नळ अखंड फिरता हवा. मेलेला कोपरा, म्हणजे पाणी साचून राहणारा तुकडा, कुठेही नको, तिथे जिवाणू वाढतात आणि संध्याकाळच्या पाळीला रुग्णांना हुडहुडी भरते. फेकलेलं पाणी संडास-लादी धुवायला वापरा. आणि हे सगळं फक्त जुनाट मूत्रपिंड विकाराच्या रुग्णांसाठी नाही. लेप्टोत, म्हणजे पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापात, आणि फुरसं-घोणशीच्या विषानं मूत्रपिंड तात्पुरतं बसतं, तरुण शेतकऱ्याचं बसतं, आणि दोन-तीन आठवडे डायलिसिस मिळालं तर बहुधा परत चालू होतं. म्हणून यंत्र हवंच. फक्त आधी विहीर, मग टाकी, मग आरओ, आणि शेवटी यंत्र.

वीज. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं, तेव्हा एका कोविड रुग्णालयातली वीज बंद पडली आणि आठ रुग्ण दगावले. त्या आधी २००५ ची २६ जुलै होतीच. तरीही जनरेटर आजही तळमजल्यावर, गाडीतळाच्या कोपऱ्यात बसवला जातो, कारण तिथून डिझेल भरायला सोपं पडतं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून दोन्ही पुरांची खूण भिंतीवर रंगवा. जनरेटर, मुख्य वीजफलक, बॅटऱ्या आणि प्राणवायूची जोडणी त्या खुणेच्या वर असायला हवी. जनरेटर वेळेवर सुरू न होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे उतरलेली बॅटरी. दर आठवड्याला अर्धा तास, आणि रिकामा नाही, भार टाकून चालवा. डिझेलची टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवा, अर्धी टाकी हवेतला ओलावा शोषते आणि तळाशी पाणी साठतं. कातळावर अर्थिंग लागत नाही हे वायरमनला ठाऊक असतं, पण नकाशा काढणाऱ्याला नसतं. जास्त खड्डे, बेंटोनाइट माती आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी, तेही हिशेबात धरा.

खाऱ्या वाऱ्याचं आणि दमटपणाचं एवढंच सांगतो: वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या जाळीला गंजरोधक लेप हवा, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची भिंगं सिलिका जेलच्या बंद पेटीत ठेवायची. नाहीतर एका श्रावणात त्यांना बुरशी येते आणि ती पुसून जात नाही.

प्राणवायूसाठी २०२१ नंतर ठिकठिकाणी हवेतून प्राणवायू काढणारे प्लांट आले. ते झिओलाइटच्या दाण्यांवर चालतात आणि झिओलाइटला पाणी सहन होत नाही. कोकणातल्या हवेतून कॉम्प्रेसर रोज लिटरवारी पाणी काढतो. ते बाहेर टाकणारा झडप-नळ तुंबला की पाणी दाण्यांत जातं, दाण्यांची भुकटी होते आणि शुद्धता ९३ टक्क्यांवरून घसरते. हा नळ रोज सकाळी हातानं उघडून पाहायचा असतो. प्लांट असला तरी सिलिंडर लागतातच. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर असतात. मिनिटाला दहा लिटर जाणाऱ्या रुग्णाला तो पावणेबारा तास पुरतो, साठ लिटर ओढणाऱ्या हाय फ्लो यंत्राला दोन तासही नाही. घाट बंद पडला तर भरलेला सिलिंडर किती तासांनी येईल, त्यावर साठा ठरवा. खाटांच्या संख्येवर ठरवू नका.

कचऱ्याच्या खड्ड्याविषयीही बोलायला हवं. सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी येत नसेल तिथे खोल पुरण्याची परवानगी मिळते, पण खड्ड्याच्या तळापासून भूजल सहा मीटर खाली असावं लागतं. कोकणात जुलै महिन्यात तसं ठिकाण शोधून दाखवा! गाडीचा करार आधी करा, दूर पडलं तरी.

राहता राहिला पैसा. सार्वजनिक ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खालच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. हे ओझं समजू नका, पण अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून लिहा. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत रायगड होता. आज तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यातून बरीच रुग्णसेवा निघते, मात्र दाव्याचे पैसे सवडीनं येतात आणि पगार एक तारखेला द्यावा लागतो. एखादा कागद राहिला, शस्त्रक्रियेआधीचा फोटो नसला, की दावा परत. त्यासाठी कागदपत्रं पाहणारा एक स्वतंत्र माणूस हवा, तो डॉक्टरांच्या फावल्या वेळात होणारा उद्योग नाही. गोळा झालेल्या देणगीतून वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम मुदत ठेवीत बाजूला काढा आणि उरलेल्यातच बांधा. इमारत लहान होईल. होऊ द्या.

येत्या बैठकीत नकाशा मांडण्याआधी चार आकडे मांडा: पुराची खूण जमिनीपासून किती फुटांवर, सर्वात जवळची रक्तपेढी पावसात किती मिनिटांवर, यायला तयार असलेले भूलतज्ज्ञ किती, आणि विहिरीत पाणी किती. विहिरीत दोरी सोडायची ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दोन तास पंप चालवून झाल्यावर. गणपतीत मोजलेलं पाणी हिशेबात धरू नका.

आपले,
कोकणातल्या रुग्णालयांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ